नाव शुक्रवारी कळेल

सोमवार, २२ सप्टेंबर २००८

मॉडेम आलं. साबणाच्या वडीएवढं, वर एक हिरवा दिवा. पृथ्वीराजनं ते पुण्याहून आणलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये, कॉम्प्युटरला जोडलं. त्यात मोबाईलचं सिम घालायचं, मजकूर लिहायचा, नंबर भरायचे, बटण दाबायचं. शेकडो मोबाईलवर एका तासात मेसेज.

कारेगावच्या कंपनीतली डिस्पॅचची नोकरी सोडल्याला आठवडा झाला. बायकोला, मोनालीला, म्हणालो, दिवाळीपर्यंत बघू. यवतमधले दुकानदार पत्रकं छापतात, एसटी स्टँडवर वाटतात, लोक त्यात भजी खाऊन टाकून देतात. मोबाईल कोणी टाकून देत नाही. सुरुवात पृथ्वीराजच्या वडिलांच्या, बापूसाहेबांच्या, कापड दुकानापासून. जमलं तर केडगाव, दौंड, मग शिरूर.

सिम माझ्या नावावर घेतलं. पृथ्वीराज म्हणाला, "माझी कागदं बापूसाहेबांच्या निवडणुकीच्या कामात अडकलीत. तुझं रेशनकार्ड दे. आन् मालक तूच हायस की धंद्याचा." शाळेत आम्ही एका बाकावर होतो. दुकानात, लोकांसमोर, मी त्याला दादा म्हणतो. रिचार्जवाल्याकडे फॉर्मवर फोटो चिकटवला, सही केली. बरं वाटलं.

रात्री आबांनी विचारलं. आबा म्हणजे वडील. दौंडला रेल्वेत गँगमन होते.

"खोली कुणाची?"

"बापूसाहेबांची."

"कॉम्प्युटर?"

"पृथ्वीराजचा."

"मग तुझं काय हाय त्यात?"

"सिम," मी म्हणालो.


शनिवार, २७ सप्टेंबर

गौरी-गणपतीत दुकानानं लकी ड्रॉ ठेवला होता. साडी घेतली की कूपन. नाव, गाव, मोबाईल नंबर लिहून पेटीत टाकायचं. ती कूपनं पोतंभर निघाली. सहाशेच्या वर. पाच दिवस टाइप करतोय.

सगळी नावं बायकांची. यवत, भांडगाव, कासुर्डी, खामगाव. बऱ्याच कूपनांवर अक्षर शाळेतल्या पोरांचं. एके ठिकाणी तीन नावांपुढे एकच नंबर होता, तिघी जावा असाव्यात. नावं वेगळी म्हणून तिन्ही राहू दिली. प्रोग्राम प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला जिचं तिचं नाव आपोआप घालतो. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. कंपनीत पाच वर्षं मी टोकन नंबर होतो.

मोनालीचंही कूपन निघालं. ती भांडगावच्या बालवाडीत शिकवते, तिच्या भावानं तिला जुना हँडसेट दिला आहे. नंबर काढून टाकणार होतो. मग राहू दिला. तिला गंमत वाटेल.


सोमवार, ६ ऑक्टोबर

पृथ्वीराज पुण्याला जाऊन आला. हडपसरला त्यानं एक मोठं होर्डिंग पाहिलं. काळ्या पाटीवर फक्त 'ती येतेय.' खाली नाव नाही, पत्ता नाही. आठ दिवसांनी त्याच पाटीवर स्कूटरचं चित्र आलं. मधले आठ दिवस सगळं हडपसर त्यावरच बोलत होतं म्हणे.

"आपण तसंच करायचं," तो म्हणाला. "पयला मेसेज बिननावाचा. दोन दिवस लोकांना खाज सुटली पायजे. मग शुक्रवारी दुकानाचं नाव."

मी मजकूर लिहिला. मोबाईलवर मराठी अक्षरं उमटत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत. आधी लिहिलं होतं, 'आपल्या आगमनाची प्रतीक्षा आहे.' पृथ्वीराज म्हणाला, बँकेची नोटीस वाटते. पुन्हा लिहिलं. शेवटी असं झालं: आधी नाव. मग, 'किती दिवस झाले, दिसली नाहीस. चैन पडत नाही. एकदा ये. वाट बघतोय. मी कोण? शुक्रवारी कळेल.'

पृथ्वीराजनं मांडीवर थाप मारली. "विन्या, कुठं लपवलं व्हतंस रं हे? माझ्या बायकोला आला तर ती बी पळंल."

त्याच्या बायकोचं नाव यादीत नाही. घरच्यांना कूपन देत नाहीत.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी आबा, मोनाली, मी विहारात. वंदना झाल्यावर चार जणांनी नव्या धंद्याबद्दल विचारलं. सांगताना मी जरा जास्तच बोललो.

आज दसराही. बापूसाहेबांनी बाजार समितीचा फॉर्म भरला. हायवेला त्यांचे बॅनर लागले.


बुधवार, १५ ऑक्टोबर

गेला. सकाळी दहाला बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकत राहिला. पृथ्वीराजनं पेढा आणला होता. साडेअकराच्या सुमारास शेवटचा गेला, मग सिम काढून हँडसेटमध्ये घातलं.

घातलं आणि फोन सुरू झाले. मिस कॉल, पुन्हा मिस कॉल. काही उचलले. ठरलं होतं की शुक्रवारपर्यंत नाव सांगायचं नाही.

"कोण बोलतंय?"

"लवकरच कळेल."

"आरं पण कोण?"

"शुक्रवारी."

असं दिवसभर. सगळे पुरुष. बायकांना भीड वाटत असेल, नवऱ्यांकडून फोन करवत असतील. एकानं उचलल्यावर काहीच विचारलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं त्यानं ठेवला. उत्सुकता एवढी ताणली जाईल असं मलाही वाटलं नव्हतं.

मोनालीला मेसेज पोचला नसावा. काही बोलली नाही. भाकरी करपली होती. मी गमतीनं म्हणालो, लक्ष कुठं आहे? ती म्हणाली, तव्याकडंच होतं.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

कालचा तो श्वासाचा फोन आज पुन्हा आला. आज बोलला.

"कुठला हायस?"

"यवतचा."

"नाव?"

"शुक्रवारी कळेल."

"शुक्रवारपतूर ऱ्हाशील का पण?"

मी हसलो. लोक खेळात चांगले उतरलेत. पृथ्वीराजला सांगितलं, तर तो हसला नाही. म्हणाला, "यवतचा म्हणून कशाला सांगितलंस?" मग म्हणाला, आता फोन बंदच ठेव. संध्याकाळी तो बहिणीकडे शिरूरला गेला. तिथं काहीतरी कार्यक्रम आहे. आधी बोलला नव्हता.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दुसरा मेसेज जात नाही.

सकाळपासून बटण दाबतोय. मजकूर तयार आहे, बापूसाहेबांच्या दुकानाचं नाव, दिवाळीची सूट, सगळं. दिवा लाल होतो. कस्टमर केअरला फोन केला. एका दिवसात इतके मेसेज गेले म्हणून या नंबरवरून मेसेज पाठवणं बंद केलं आहे. फोन येतील, जातील, मेसेज जाणार नाहीत. अर्ज करा, पुढच्या महिन्यात बघू.

पृथ्वीराजचा मोबाईल लागत नाही. गादीवर बापूसाहेब होते, सांगायचा धीर झाला नाही. दुकानात दिवाळीची गर्दी. मी ताग्याआडून कान देऊन ऐकत होतो. एकही बाई मेसेजचं बोलली नाही. एवढ्या जणींना गेला. एकीनंही दुसरीला विचारलं नाही, तुला आला का म्हणून.


शनिवार, १८ ऑक्टोबर

मोनाली बालवाडीतून आली ती पिशवी न ठेवताच बोलायला लागली. तिच्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे. रोज त्याची आई सोडते. कालपासून आजी सोडते, सारजाबाई. आज मोनालीनं विचारलं. सारजाबाई म्हणाल्या, म्हायेराला गेलीय. मग शेजारणीनं मागून सांगितलं. नवऱ्याच्या, जयसिंगच्या, मोबाईलवर तिच्या नावानं कुण्या पुरुषाचा मेसेज आला. जयसिंगनं त्या नंबरला फोन लावला तर तो माणूस हसला. जयसिंगनं तिला चाबकाच्या दांड्यानं मारलं आणि रातोरात शिरूरकडे, बापाच्या दारात नेऊन सोडलं. पोरगं ठेवून घेतलं.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"अनिता."

नाव मी टाइप केलं होतं. अनिता, भांडगाव. कूपनावर तिनं स्वतः लिहिलं होतं, अक्षर गोल होतं.

मोनाली सोडली तर कुणाच्याच घरात बाईचा मोबाईल नाही. घरात एक मोबाईल, तो नवऱ्याच्या खिशात. बायकांनी कूपनावर नाव स्वतःचं लिहिलं आणि नंबर घरचा दिला. दुसरा कुठला देणार होत्या?

मोनालीला काही सांगितलं नाही.


रविवार, १९ ऑक्टोबर

सांगितलं. दुपारी, आबा बाहेर गेल्यावर.

ती उठली, पिठाच्या डब्यामागून तिचा मोबाईल काढला. बुधवारपासून तो तिथं होता. मेसेज उघडला आणि माझ्यासमोर धरला. मोनाली, किती दिवस झाले, दिसली नाहीस.

"चार दिवस मी रस्त्यानं मान खाली घालून चालतेय," ती म्हणाली. "जीपमध्ये कोण बघतंय, चहाच्या टपरीवर कोण उभं आहे. वाटायचं, हाच असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काय केलं असतं?"

मी विचार केला. "माहीत नाही."

"तेच," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, "सगळ्यांना हेच? अगदी हेच?"

"हो."

"मला वाटलं निदान माझ्यासाठी कुणी वाईट माणसानं स्वतः बसून लिहिलं असेल."

ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.


सोमवार, २० ऑक्टोबर

पृथ्वीराज आला. त्याला सगळं आधीच कळलेलं होतं.

"सिम मोड," तो म्हणाला. "मोडून गटारात टाक. जयसिंग रिचार्जवाल्यांकडं फिरतोय. आज ना उद्या तुझा फॉर्म त्याच्या हातात पडंल."

"मग सिम मोडून काय होणार? फॉर्म तर तिथंच आहे."

तो ताग्यांकडे बघत राहिला.

"आपण दोघं जाऊ," मी म्हणालो. "दुकानाची जाहिरात होती म्हणून सांगू. कूपन दाखवू. तू सोबत असलास तर ऐकतील."

"बापूसाहेबांची निवडणूक हाय, विन्या. भांडगावची सगळी मतं."

मग बापूसाहेबांनी गादीवर बोलावलं. आवाज चढवला नाही. "त्या मेसेजमधी आमच्या दुकानाचं नाव कुठं हाय? दाखव."

नाव नाही. शुक्रवारी येणार होतं.

"तुझ्या बापाला मी वळखतो. सरळ माणूस. या वयात त्याला चौकीची पायरी दाखवू नको."

मी मागं गेलो तेव्हा कूपनांचं पोतं जागेवर नव्हतं. कॉम्प्युटरही नव्हता. मॉडेम तेवढं ठेवलं होतं.

आबांना रात्री सांगितलं. त्यांनी विडी विझवली.

"लोकाच्या बाईचं नाव आन् आपलं आडनाव," ते म्हणाले. "एका वाक्यात येऊ देऊ नको. कळतंय का तुला?"

दोन वर्षांपूर्वी विदर्भात आपल्यातल्या एका घराचं काय झालं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला कळत होतं. पण ते वाक्य मी आधीच लिहून बसलो होतो.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

मोनालीनं आज बालवाडीत आयांची सभा बोलावली. दिवाळीच्या सुट्टीचं सांगायचं म्हणून. जे झालं ते तिनं सांगितलं तसं लिहितो.

पंधरा-वीस बायका आल्या. नातवाला घेऊन सारजाबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुट्टीचं झाल्यावर मोनालीनं विचारलं, गेल्या बुधवारी कुणाच्या मोबाईलवर बिननावाचा मेसेज आला का?

कुणी नाही.

"आमच्याकडं मोबाईल उघडतंय कोण," रंगुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "त्यो मालकाच्या खिशात. मालक शेतात."

"आमाला न्हाई बाई आला कसला."

"असलं काय इचारता बाई तुमी?"

मग मोनाली म्हणाली, "मला आला." आणि तिनं तोंडपाठ म्हणून दाखवला. "किती दिवस झाले, दिसली नाहीस. एकदा ये. वाट बघतोय."

कुशाबाई नावाची एक तरणी बाई पोराचं नाक पुसत होती. ती वर न बघता म्हणाली, "मधी 'चैन पडत नाही' बी व्हतं."

 कुशाबाईनं तोंडावर पदर धरला.

रंगुबाई वळल्या. "तुला गं कसं ठावं?"

कुशाबाई रडायला लागली. मालक आंघोळीला गेले होते, तवा आला. तिनं वाचून पुसून टाकला.  मग दुसरी म्हणाली, आमच्यात भावोजींनी वाचला, दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं न्हाई. तिसरीच्या नवऱ्यानं मोबाईलच जमिनीवर आपटला होता. आणखी एक. आणखी एक. रंगुबाई म्हणाल्या, "मेला येवढ्या जणींची वाट बघतोय, आन् माझं नाव न्हाई घेतलं!" तेव्हा कुठं बायका हसल्या. डोळे पुसत हसत होत्या.

मोनालीनं मागं पाहिलं. सारजाबाई उठून गेल्या होत्या. नातू तिथंच बसला होता. घाईत त्या त्याला विसरल्या.


बुधवार, २२ ऑक्टोबर

सकाळी निरोप आला. जयसिंगला माझा फॉर्म सापडला, त्यानं बोलावलं आहे, भांडगावला, घरी.

आमच्या वस्तीतली पोरं म्हणाली, आम्ही येतो. मी नको म्हणालो. दहा जण गेले असते तर गोष्ट वेगळीच झाली असती. आबा म्हणाले, "मी येतो. म्हाताऱ्याला बघून हात जरा हळू पडतो." त्यांनाही नको म्हणालो. मोनाली विचारायला थांबलीच नाही, जीपमध्ये जाऊन बसली.

अंगणात ट्रॅक्टर उभा होता. जयसिंग चाकाशी. माझ्याच वयाचा. डोळे सुजलेले. सारजाबाई ओट्यावर.

"तूच व्हय त्यो?"

"हो."

"नाव आज कळंल का?"

"विनोद म्हाळू ओव्हाळ."

त्यानं मारलं. कानाखाली, मग पुन्हा. मी खाली बसलो. मोनाली मध्ये आली तर त्यानं हात वर केलेलाच ठेवला. सारजाबाई ओट्यावरून ओरडल्या, "हान अजून! हान! त्यानं येनार हाय का ती? हिलाबी हान मग, हिलाबी आलाय की!"

हात खाली आला.

मी बसल्या जागेवरून सांगितलं. दुकान, कूपन, हडपसरचं होर्डिंग, लाल दिवा. मोनालीनं तिचा मोबाईल पुढं केला. त्यानं नंबर पाहिला, मजकूर पाहिला, वरचं नाव पाहिलं. पुन्हा पुन्हा खालून वर वाचत होता.

"जाहिरात?" तो म्हणाला. "साड्यांची?"

"हो."

"मग तू हसलास का?"

 "मला वाटलं तुम्ही गंमत करताय," मी म्हणालो. खरं तेच होतं. तेच सगळ्यात वाईट होतं.

तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "तूच लिव्हलंस ना? मग अजून एक लिही. चूक झाली, ये म्हणून. तिच्या भावाच्या मोबाईलवर धाड."

क्षणभर माझ्या डोक्यात मजकूर जुळायलाही लागला.

"भावाच्या खिशात?" मोनाली म्हणाली.

जयसिंगनं तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "उद्या चल," तो मला म्हणाला. "तिथं तोंडानं सांग."


गुरुवार, २३ ऑक्टोबर

त्याच्या मोटारसायकलवर गेलो. चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा. ज्यानं काल मारलं त्याच्या मागं बसलो की हात कुठं ठेवायचे कळत नाही. मागचा कॅरियर धरला. दीड तासात तो एकदाच बोलला. "बापूसाहेब म्हणत्यात, दुकानाचा संबंध न्हाई."

"आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय," तो म्हणाला. "कापड त्यांच्याकडनंच घेतो आमी."

शिरूरच्या अलीकडे, रस्त्यालगत घर. अनिताचे वडील मच्छिंद्र खाटेवर बसले होते. जावयाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हे पाव्हणं कुठलं?"

"यवतचे."

"आडनाव?"

सांगितलं. त्यांनी मान हलवली, कशाबद्दल ते कळलं नाही. पाणी आधी जयसिंगला आलं. मला नंतर, वेगळ्या भांड्यात. प्यायलो.

मी सगळं पुन्हा सांगितलं. दाराआड कोणीतरी उभं आहे हे समजत होतं. संपल्यावर मच्छिंद्र म्हणाले, "म्हंजी पोरीची काय चूक न्हाई?"

"नाही."

"जावईबापू, आयकलं का?"

"आयकलं," जयसिंग जमिनीकडे बघून म्हणाला. "न्यायला आलोय."

तेव्हा अनिता बाहेर आली. बारीक अंगाची. हातावरचे वळ पिवळे पडले होते.

"त्यो मेसेज वाचा," ती मला म्हणाली.

"आता कशाला?" जयसिंग म्हणाला.

"मी बघितलाच न्हाई. तुमच्या मोबाईलवर आला, तुमी वाचला, तुमीच पुसला. मला घर सोडायला लावलं ते काय व्हतं, ते मला आयकायचंय."

मोनालीचा मोबाईल माझ्याकडे होता. उघडला. बापासमोर, नवऱ्यासमोर, स्वतःचे शब्द वाचायला लागलो. मोनालीच्या जागी 'अनिता' म्हणालो. अनिता, किती दिवस झाले, दिसली नाहीस. माझा आवाज मलाच ऐकवेना. चैन पडत नाही. एकदा ये. रस्त्यावरून एसटी गेली. ती जाईपर्यंत थांबावं लागलं. वाट बघतोय. मी कोण? शुक्रवारी कळेल.

ती ऐकत होती. मान एका बाजूला किंचित कललेली.

"एवढंच?"

"हो."

"हे लिवताना डोळ्यापुढं कोण व्हतं तुमच्या?"

"कुणीच नव्हतं."

"कळतंय," ती म्हणाली.

मग ती जयसिंगकडे वळली. "मला इचारायचं व्हतं."

"इचारलं की."

"न्हाई. आधी मारलं, मग इचारलं."

मच्छिंद्र खाटेवरून म्हणाले, "बरं, आता झालं गेलं. ते आलेत न्यायला. भर पिशवी."

ती हलली नाही. "पोरगं कुठाय?"

"घरी," जयसिंग म्हणाला. "आईपाशी. चल की, घरीच हाय ते."

"हितं आना त्याला."

"आगं, घरी गेल्यावर—"

"हितं आना. माझ्याजवळ द्या. मग मी सांगते, येते का न्हाई."

"आन् न्हाई म्हनालीस तर?"

ती आत गेली. दार उघडंच ठेवलं.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळपासून त्या सिमवर ज्यांचे फोन येऊन गेले होते त्यांना फोन करतोय. नाव, आडनाव सांगतो, दुकानाचं नावही सांगतो. काही शिव्या देतात. बरेच जण म्हणतात, आमाला न्हाई आला कसला मेसेज. फोन त्यांनीच केले होते. तरी सांगतो, घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांना बोलायला लावतो. पृथ्वीराजनं एकदा दारावरून मोटारसायकल हळू केली आणि पुन्हा वेग घेतला.

दहाच्या सुमारास जयसिंग आला. पुढं टाकीवर पोरगा, नवा शर्ट, केसांना तेल. भांडगावहून शिरूरला जायचं तर चौफुल्यावरून, यवतच्या उलट्या बाजूला. तरी तो इकडं आला होता.

"तू बी चल," तो म्हणाला.

"माझं सांगून झालंय."

त्यानं गाडी बंद केली नाही. "आई म्हनती, नगं नेऊ. ती पोरगं ठिवून घील आन् दार लावील. मग बस बोंबलत."

 मोनाली आतून आली. तिनं पोराच्या हातात बिस्किट दिलं, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"काय वाटतं बाई तुमाला?" जयसिंगनं तिला विचारलं. "लावील का दार?"

"लावील कदाचित," मोनाली म्हणाली.

"मग?"

"मग तुम्ही बाहेर असाल."

पोरगा हॉर्न दाबायला लागला. जयसिंगनं त्याला दाबू दिला. बराच वेळ तो हँडलवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता, पुण्याच्या बाजूला, मग सोलापूरच्या. शेवटी त्यानं पोराचे दोन्ही हात घेऊन टाकीवर नीट ठेवले, म्हणाला, "घट धर," आणि गाडी चौफुल्याकडे वळवली.